बाबा, तुम्हाला हे कसं कळलं?

यशवंता, तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. आपल्या अंधश्रद्धाविरोधी मंडळातल्या लोकांनी दोनदा खूण केली. डोंगरे मास्तरांनी माइक माझ्यापुढे आणून धरला. मी मान हलवली. लोकांना वाटलं, शेषरावचा कंठ दाटून आला. कंठ वगैरे काही नाही. मला तुझा राग आला होता, आणि मेलेल्या माणसावर माइकवरून ओरडायचं नसतं एवढी अक्कल मला आहे. म्हणून आता लिहितो. मंडळ तुझ्यावर पुस्तिका काढतंय, त्यासाठी माझ्याकडं दोन पानं मागितलीत. दोन पानांत भागणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवलंय.

सभा तुझ्या मनासारखी झाली. तुझ्याच शाळेचा हॉल, ज्याच्या बाजूच्या प्रयोगशाळेत तू तीस वर्षं काचेची नळकांडी धुतलीस. फोटोला हार नाही, समई नाही, उदबत्ती नाही. तुझ्या बायकोला, रत्नावहिनींना, बुद्धवंदना घ्यायची होती. तू असतास तर त्यांच्याशीही वाद घातला असतास. नास्तिक म्हणजे सगळ्यांच्याच बाबतीत नास्तिक, आपल्या माणसांना सूट नाही, असं तू म्हणायचास. मी मध्ये पडलो आणि तह करून दिला. वंदना घरी, सभा हॉलात. वहिनी हो म्हणाल्या. तुला पटला नसता, पण तू तिथं नव्हतास. व्यवहारात हजर असलेल्याचंच चालतं.

सभा संपत आली आणि मागच्या दारानं कौसल्याबाई आल्या.

डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पायांत धूळ. दुसरबीडच्या पुढच्या फाट्यावरून बस पकडून आल्या होत्या. तुझ्या फोटोसमोर उभ्या राहून त्यांनी डोळे पुसले. मग वळल्या, सगळा हॉल ओलांडून माझ्याकडं आल्या आणि वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. नास्तिकांच्या सभेत. तुझ्या सभेत.

"बाबा," त्या म्हणाल्या, "यशवंतदादा आता कुठं असतीन? तुमाले तं कळते. त्यायले काही लागलं-सवरलं तं सांगा, मी करीन."

मागं दोन पोरं हसली. डोंगरे मास्तरांचा चेहरा असा झाला, जसा बंद पडलेली मोटार विकत घेतल्यावर गिऱ्हाइकाचा होतो. सगळे माझ्याकडं बघत होते. 'बरा आहे तो' म्हणालो असतो, तर तुझ्याच फोटोसमोर तुझ्या आयुष्याला चूड लावली असती. 'कुठंच नाही' म्हणालो असतो, तर तिची मेलेली पोरगीही त्याच क्षणी कुठंच नाही झाली असती. मी आयुष्यात हजार सौदे केले. समोरचा मला कोपऱ्यात घेतोय असं वाटलं की मी उठून चालू लागतो, हा माझा डाव. तिथं उठायला जागा नव्हती. माझे पाय तिच्या हातात होते.

"बाजाराच्या दिवशी दुकानी या," मी म्हणालो. "तेव्हा सांगतो."

म्हणजे आपल्या मंडळाचा सगळ्यात जुना कार्यकर्ता भर सभेत म्हणाला, की मेलेला माणूस कुठं आहे ते पुढच्या बाजारी सांगतो. तू हसला असतास. किंवा उठून निघून गेला असतास, चहा अर्धा टाकून, जसा शेवटच्या वेळी गेलास.

आता मुळापासून सांगतो. तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं. पण सगळं माहीत नाही.

बारा वर्षांपूर्वी तू माझ्या दुकानी पाण्याची एक जुनी मोटार बघायला आलास. घ्यायची नव्हतीच तुला. तासभर स्टुलावर बसून तू मला बघत राहिलास. मी एका शेतकऱ्याला पाणबुडी मोटार विकत होतो. तो पहिल्यांदा नाही म्हणाला, मग हसला, मग उठला, मग परत बसला, मग घेऊन गेला. तो गेल्यावर तू म्हणालास, "शेठ, आमाले एक बाबा पायजे. सापडला."

"मी काही नास्तिक-बिस्तिक नाही बे," मी म्हणालो.

"मंग देव मानतोस?"

"देवाशी माझं जमत नाही. तो आधी घेते, अन् माल कधी देईन ते सांगत नाही. असा धंदा मी कोणाशी करत नाही."

तू स्टुलावरून पडायचा बाकी राहिलास हसून. "हेच बोल," म्हणालास, "गावोगाव हेच बोल. फक्त भगवे कपडे घालून."

असा मी बाबा झालो. लोक तुला सर म्हणायचे आणि तू दर वेळी दुरुस्त करायचास, "सर नाही, प्रयोगशाळा परिचर." पण शाळेतल्या एकाही मास्तरला जे येत नव्हतं ते तुला यायचं. नारळाच्या शेंडीत रॉकेलच्या बाटलीतला सोडियमचा तो चकाकणारा तुकडा कसा लपवायचा, त्यावर पाणी शिंपडलं की नारळ कसा पेटतो, लिंबातून रक्त कसं काढायचं. माझं काम तोंडाचं. गाडीतून उतरायचं, पाराजवळ बसायचं, नारळ पेटवायचा, आणि मग एकेकाला त्याच्या घरातलं सांगायचं. तुझ्या घरी तीन भाऊ, धाकटा वेगळा निघालाय. तुझा बैल डाव्या पायानं लंगडतो. लोक तोंडात बोटं घालायचे. मग गर्दीतून तू उठायचास. साधा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, हात जोडलेले.

"बाबा, तुमाले हे कसं कळलं?"

"अंतर्ज्ञानानं, बेटा."

"अंतर्ज्ञानानं का तुमच्या ड्रायव्हरनं? तो सकाळपासून चहाच्या टपरीवर बसून गावची चौकशी करून राह्यला ना?"

आणि तू माझी खोटी दाढी ओढायचास. लोक आधी गप्प, मग हसायचे, मग टाळ्या. त्यानंतर तू नारळ, लिंबू, सगळं उघडून दाखवायचास. किती गावं केली आपण. पिंपळगाव राजाला, माझ्या स्वतःच्या गावात, माझ्या सख्ख्या चुलतभावानं मला ओळखलं नाही आणि पाया पडला. दाढी उतरल्यावर त्यानं मला ज्या शिव्या दिल्या त्या तू महिनाभर पाठ म्हणून दाखवत होतास.

मंडळाचे दोन नियम होते, दोन्ही तूच केलेले. अर्ध्या तासाच्या आत दाढी उतरलीच पाहिजे. आणि बैल, भाऊ, विहीर, शेत, काहीही सांग, पण कोणाच्या दुःखाला हात लावायचा नाही.

दोन्ही नियम एकाच दिवशी मोडले. पहिला तू मोडलास.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. फाट्यावरून आत आहे, एवढंच. मी ठरल्या वेळी उतरलो, नारळ पेटवला, बैल-भाऊ सगळं सांगून झालं. गर्दीत बघतो तर तू नाहीस. शाळेत प्रात्यक्षिक परीक्षा होती, तू बसनं मागून येणार होतास. अर्धा तास झाला. पाऊण झाला. बाबानं स्वतःची दाढी स्वतः उतरवायची नसते, तो तमाशा होतो, असं तूच शिकवलेलं. मी बसून राहिलो. आणि लोकांनी रांग लावली. मी म्हणत होतो, आता नको, ध्यानाची वेळ झाली. रांग हलेना. ड्रायव्हर गाडीत, दाढीत घाम, आणि समोर माणसं आपापलं दुःख उघडं करून उभी. यशवंता, तू कधी त्या जागी बसला नाहीस. तू नेहमी गर्दीतून आलास.

एक बाई माझ्या कानाशी वाकली. तिला मी इथं शेजारीण म्हणतो. ती शेजारीण असेलच असं नाही, गावातली किंवा बाईच असेल असंही नाही. व्यापारी माणूस माल कुठून उचलला ते सांगत नसतो. ती इतक्या हळू बोलली की ड्रायव्हरलासुद्धा ऐकू गेलं नसतं. गावात तेरा दिवसांपूर्वी एक पोरगी साप चावून गेली होती. रंजना. त्या सकाळी आईशी भांडून उपाशीच शेतात निघाली. या बाईनं तिला शेताच्या धुऱ्यावर बसवलं, आपल्या फडक्यातली भाकर आणि पिठलं दिलं. पोरगी जेवली, हसली, म्हणाली, आईले सांगजो नको मी खाल्लं म्हणून, तिले जरासं वाईट वाटू दे. तासाभरात साप.

"बाबा, मी कोणाले सांगतलं नाही," ती म्हणाली. "माह्या हातचं खाल्लं अन् मेली, असं एकानं म्हनलं का गाव मले करणीवाली म्हनन. आमच्या गावात एका बाईचं असंच झालं. तिले गाव सोडा लागलं. मी काही केलं नाही ना, बाबा? तुमी कोणाले सांगसान नाही ना?"

मी म्हणालो, "नाही सांगणार." शब्द दिला. माझ्या धंद्यात कागद नसतो, शब्दच असतो. तो मी बाबा म्हणून दिला की शेषराव म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

तिच्यामागं चार माणसं सोडून कौसल्याबाई उभ्या होत्या. रंजनाची आई. तोंड सुकलेलं, ओठांना भेगा. तिनं एवढंच विचारलं, "पोरगी माह्यावर रागावून गेली काय?"

मी रागीट आहे, सगळं मेहकर जाणतं. पण तिच्या त्या तोंडाकडं बघून मला काय झालं ते सांगता येत नाही. जे एक खरं वाक्य माझ्याजवळ होतं ते माझ्या तोंडून निघालं.

"ती उपाशी नाही गेली. जेवली होती. पिठलं-भाकर."

तिनं कोणाला सांगितलं नव्हतं पोरगी उपाशी निघाली म्हणून. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग तिथंच मातीत बसली आणि रडली, आणि मग उठून घरी गेली, चूल पेटवायला. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

ती गेली, आणि दहा मिनिटांनी तू आलास. घामानं भिजलेला, लोकांना दाखवायची बाटली छातीशी धरून. उठलास, हात जोडलेस, दाढी ओढलीस. लोक हसले, टाळ्या पडल्या. ज्या एका बाईनं ते बघायला हवं होतं ती आपल्या चुलीपुढं होती.

गाडीत मी तुला फक्त एवढं म्हणालो, की पोरगी गेलेल्या एका बाईला धीराचे दोन शब्द बोललो. तू पुढं काही ऐकलं नाहीस. पुढच्याच रविवारी मंडळाच्या बैठकीत तू ठराव मांडलास. शेषराव यांनी एका दुःखी बाईला खोटा दिलासा दिला, नियम मोडला, सबब यापुढे ते बाबाची भूमिका करणार नाहीत. सगळ्यांसमोर वाचलास, तुझ्या त्या सरळ अक्षरात. भूमिका गेली डोंगरे मास्तरांकडं, जे उन्हाळ्यात पाणी विकायला बसले तर तहानलेला माणूसही पुढं निघून जाईल. पहिल्याच कार्यक्रमात नारळ पेटला आणि मास्तरच घाबरून मागं सरले.

मी मंडळ सोडलं नाही. लोकांना वाटलं, मोठं मन. मोठं मन नव्हतं. सोडून गेलो असतो तर तू जिंकला असतास. मी गाड्या ठरवत राहिलो, भोंगा लावत राहिलो, आणि दर बैठकीला तुझ्या समोरच्या खुर्चीवर बसत राहिलो. नऊ वर्षं.

तुला खोटा शब्द सापडला आणि तू ठराव केलास. यशवंता, तो शब्द खोटा नव्हता. त्या दिवशी मी जेवढं बोललो त्यात तेवढंच खरं होतं. तू गावोगाव हजार माणसांसमोर मला विचारलंस, बाबा, तुमाले हे कसं कळलं? एकदा, फक्त एकदा, दाढी नसताना, दुकानात चहा पिताना विचारलं असतंस, शेषराव, तुले हे कसं कळलं बे? मी सांगितलं असतं. कदाचित. रागाच्या भरात का होईना, सांगितलं असतं.

आणि कदाचित नसतंही सांगितलं. इथं मला खरं बोललं पाहिजे. मला तुझी भीती वाटायची. तुला कळलं असतं की एक बाई करणीच्या भीतीनं तोंड दाबून बसलीय, तर तू दुसऱ्या दिवशी त्या पारावर सभा घेतली असतीस. माइक लावून, जादूटोण्याचा कायदा वाचून, तिला शेजारी उभं करून. तुझ्या मनात फक्त तिचं भलं असतं. आणि सभा संपल्यावर तू बसनं मेहकरला आला असतास, आणि ती तिथंच राहिली असती. सगळ्या गोष्टी उजेडात आणल्या की बऱ्या होतात असं तुला वाटायचं. काही गोष्टी उजेडात जळतात. तुझ्या त्या बाटलीतला तुकडासुद्धा रॉकेलात ठेवायचास ना तू?

चार महिन्यांनी कौसल्याबाई माझं दुकान शोधत आल्या. गावानं त्यांना सांगितलं होतंच, तो बाबा खोटा होता, मेहकरचा मोटारवाला आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि मोटारवाल्याकडं नारळ घेऊन आल्या. मी ओरडलो. "बाई, मी बाबा नाही! मी जुन्या मोटारी विकतो!" त्या हसल्या. म्हणाल्या, "असंच म्हणतात खरे असतात ते." तेव्हापासून दर एक-दोन बाजारी त्या यायच्या. स्टुलावर बसायच्या, पाणी प्यायच्या, कधी ज्वारीच्या कण्या, कधी शेंगा ठेवून जायच्या. काही मागायच्या नाहीत. फक्त बसायच्या.

तू एकदा त्यांना तिथंच गाठलंस. सगळं समजावलंस, नारळ, लिंबू, ड्रायव्हर. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "ते सारं खरं असन, दादा. पण मी उपाशी पोरीचं कोणालेच सांगतलं नव्हतं. हे कोण्या ड्रायव्हरनं सांगतलं?" तू माझ्याकडं बघितलंस. मी मोटारीचं झाकण पुसत राहिलो. नंतर तू मला म्हणालास, "अंदाज बरा लागला तुहा." बस, एवढंच. विचारलं नाहीस.

पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला तुलाच दिसला. तूच त्यांना शिबिराला नेलंस, तूच पट्टी काढायला परत गेलास. म्हणून त्या तुला दादा म्हणायच्या. मला बाबा आणि तुला दादा. तुझं माझ्यापेक्षा बरं चाललं होतं.

शेवटच्या भेटीत आपण त्यावरूनच भांडलो. "तिले सांगून टाक बे," तू म्हणालास. "एका बाईचा देव होऊन बसला तू. नास्तिकाले हे शोभते?"

"तू उशिरा आला म्हणून झालो देव."

"नऊ वर्षं झाली, अजून तेच?"

"अजून तेच."

तू पेला ठेवलास आणि उठलास. अर्धा चहा तसाच. मी हाक मारली नाही. मला वाटलं, येईल रविवारी. रविवारच्या आधी तू गेलास.

सभेनंतर मी वहिनींकडं गेलो. त्यांनी तुझी लोखंडी पेटी माझ्यापुढं ठेवली. दाढी, भगवी लुंगी, लिंबं कापायची सुरी. म्हणाल्या, "हे तुमचंच आहे, भाऊ. ते कोणाला हात लावू देत नव्हते." मग सहज बोलता बोलता म्हणाल्या, त्या गावी त्या दिवशी बस रस्त्यात बंद पडली होती. दुसरबीडच्या अलीकडं. तू भर उन्हात फाट्यापर्यंत आणि फाट्यापासून गावापर्यंत पळत गेलास, वहाणेचा अंगठा तुटला म्हणून अनवाणी. आठ दिवस पायांना हळद लावून बसला होतास.

मला हे माहीत नव्हतं. नऊ वर्षं मी तुला उशिराबद्दल बोल लावला आणि कधी विचारलं नाही, उशीर का झाला.

बरं. हिशेब फिटला असं मी म्हणणार नाही. पण राग आता पूर्वीसारखा टिकत नाही, मध्येच सुटतो.

पण बाजाराचा दिवस येत होता. तोंड उघडलं तर शब्द मोडतो. बंद ठेवलं तर देव होतो. कोणत्याही बाजूनं गेलो तरी कोणाला तरी दगा. चार दिवस मी गिऱ्हाइकांवर इतका खेकसलो की शेजारचा सायकलवाला म्हणाला, "शेठ, दुकान बंद ठेवा, पुण्य लागीन."

पाचव्या दिवशी मी बस पकडून त्या गावी गेलो. त्या दुसऱ्या, भाकर देणाऱ्या बाईकडं. तिनं मला दाढीशिवाय लगेच ओळखलं. घरात घेतलं नाही, गोठ्यात उभी राहिली, शेण लावलेल्या हातांनी.

"मला शब्दातून मोकळं करा," मी म्हणालो.

"नाही."

"तिला सांगू द्या. नऊ वर्षं झाली. ती तुम्हाला काही म्हणणार नाही."

"तिचं सांगता. गावचं सांगा ना. तुमी मेहकरात राहता, शेठ. मले इथंच राहाचं हाय, इथंच मराचं हाय."

"कायदा आहे आता."

"कायदा माह्या संगं पाणी भराले येईन का?"

मी हसलो. मला असं समोरचं माणूस फार वर्षांनी भेटलं. मी उठायचा डाव केला, दारापर्यंत गेलो. तिनं हाक मारली नाही. मग मीच परत आलो. आयुष्यात पहिल्यांदा.

"बरं, तुमचं नाव नाही," मी म्हणालो. "बाई का माणूस, तेही नाही. गावातलं का बाहेरचं, तेही नाही. फक्त एवढंच, की मला हे एका जित्या माणसानं सांगितलं. देवानं नाही."

म्हशीनं शेपटी मारली, ती तिनं शेणाच्या हातानं बाजूला सारली.

"अन् पोरगी रागावली नव्हती," ती शेवटी म्हणाली. "हसली होती. हेबी सांगा. पण माहं नाव नाही."

"नाव नाही."

मी ज्यासाठी गेलो होतो त्याच्या निम्मंच मिळालं. तुझ्या मते हा पराभव असता. माझ्या धंद्यात निम्म्यावर सौदा झाला तर माणूस चहा मागवतो.

काल बाजार होता. कौसल्याबाई आल्या, स्टुलावर बसल्या, पिशवीतून नारळ काढून गल्ल्याजवळ ठेवला. मी पेटी उघडली आणि दाढी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली, जशी बाजारात लोकर बघतात.

"कौसल्याबाई, यशवंता कुठंच नाही," मी म्हणालो. "होता तेवढा होता. आता नाही."

त्यांनी दाढी मांडीवर ठेवली.

"अन् रंजना?"

"तीही नाही."

दुकानाबाहेर कोणी तरी भाव विचारत होतं. मी हात हलवून घालवलं.

"पण ती जेवली होती?"

"जेवली होती. हे बाबा नाही सांगत, शेषराव सांगतो."

आणि मग, यशवंता, ज्या प्रश्नाची मी तुझ्याकडून नऊ वर्षं वाट बघितली तो त्या बाईनं विचारला. गर्दीतून उठून नाही. हात जोडून नाही. माझ्या दुकानात, स्टुलावर बसून, डोळ्यांत डोळे घालून, ज्या डोळ्यांचा पडदा तू काढून दिलास.

"मंग तुमाले हे कसं कळलं?"

"एका माणसानं सांगितलं. जित्या माणसानं. नाव सांगता येत नाही, शब्द दिलाय. पोरगी त्याच्यासमोर जेवली. आणि हसली होती."

मला वाटलं, ती रडेल. किंवा दाढी फेकून मारेल. नऊ वर्षं तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं होतं, मला मारायचा तिला हक्क होता. तिनं दाढी गल्ल्यावर ठेवली. ओठ हलत होते, जसं कोणी मनात काही जुळवून बघतंय.

"म्हंजे तिच्याजवळ कोणी तरी होतं," ती म्हणाली. "एकटी नव्हती ती."

मी मान डोलावली. बाबानं नऊ वर्षं तिला हे कधी दिलं नव्हतं. त्याला देता आलंच नसतं.

तिला कधी ना कधी कळेल कोण ते. गाव लहान आहे आणि बाई हुशार आहे. कळलं तर ती काय करेल, भाकरीचे आभार मानेल की बोट दाखवेल, ते मला माहीत नाही, आणि ती भीती आता कायमची माझ्याकडं राहिली. त्यातून मी सुटलो नाही. तुझा तो ठरावही वहीत तसाच राहू दे असं मी मंडळाला सांगितलंय. 'नियम मोडला' खरं आहे. 'खोटा दिलासा' खोटं आहे. खोडायचं नाही, पण त्याच्याखाली हे एका पानावर कोणी तरी तुझ्यासारख्या सरळ अक्षरात लिहून चिकटवा, असं म्हणालो. डोंगरे मास्तर तयार झाले. अक्षर त्यांचं बरं आहे.

बसची वेळ झाली तशी कौसल्याबाई उठल्या. वाकल्या, आणि मी पाय मागं घेतले, पण त्या पायांसाठी वाकल्या नव्हत्या. गल्ल्याजवळचा नारळ उचलून त्यांनी पिशवीत परत टाकला.

"हा घरी नेते," त्या म्हणाल्या. "चटणीले होईन."